चर्चगेटच्या पुढचं स्टेशन

चर्चगेटला लोकल थांबली की उतरलेला माणूस गाडी ज्या दिशेनं आली त्याच दिशेनं चालत सुटतो. फलाट संपतो, बफर मागे पडतात, मग तो मोठा हॉल, तिकिटांच्या खिडक्या, भुयारी मार्ग आणि वर आलं की रस्ता. रोज लाखो पावलं इथून जातात. आपण जुन्या रुळांच्या वाटेवर चालतो आहोत हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. चर्चगेट हे शेवटचं स्टेशन म्हणून जन्मलेलं नाही. साठेक वर्षं ते मरीन लाइन्ससारखंच वाटेवरचं एक स्टेशन होतं. गाडी तिथे घटकाभर थांबायची आणि पुढे निघायची. शेवटचं स्टेशन होतं कुलाबा.

जून २०१५ मध्ये एका रविवारी भाईंदरहून आलेली लोकल चर्चगेटला थांबलीच नाही. बफर उडवून ती फलाटावर चढली. काही माणसं जखमी झाली, फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. ते पाहताना मला वाटून गेलं, की ही गाडी पंच्याऐंशी वर्षं उशिरा का होईना, कुलाब्याला निघाली होती. विनोद बरा नव्हे, पण त्या दिवसापासून तो डोक्यातून गेलेला नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. मुंबईबाहेरच्या मराठी माणसाला कुलाबा म्हटलं की अलिबागच्या समुद्रातला आंग्र्यांचा किल्ला आठवतो. त्या किल्ल्यावरून आख्ख्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत, १९८१ साली त्याचा रायगड झाला. आपलं कुलाबा मुंबईच्या दक्षिण टोकाचं. गंमत अशी, की या दोन कुलाब्यांची गाठ एका वेधशाळेनं घालून दिली. मुंबईच्या कुलाब्यात चुंबकीय मोजमापं करणारी वेधशाळा होती. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेनं उपकरणांचे काटे बिघडतील म्हणून हे काम १९०४ च्या सुमारास अलिबागला हलवण्यात आलं. विजेच्या ट्राम १९०७ साली धावू लागल्या. विजेच्या वाहनांमुळे कुलाब्यातून काहीतरी हलवावं लागल्याचा हा पहिला प्रसंग. स्टेशन हललं ते मात्र विजेमुळे नव्हे. त्याची कथा कापसापासून सुरू होते.

कुलाबा हे मुळात बेट. भरतीच्या वेळी होडीनं जायचं आणि ओहोटीला चिखल तुडवत परतायचं. १८३८ साली बांध घातला गेला आणि कुलाबा मुंबईला जोडलं गेलं. त्यालाच आपण कॉजवे म्हणतो. रस्ता झाल्यावर तिकडे काय न्यायचं हा प्रश्न फार दिवस राहिला नाही. तोवर कापसाचा बाजार कोटाच्या आत, सेंट थॉमस चर्चसमोरच्या मैदानात भरत असे. गठ्ठ्यांचे ढीग, धूळ आणि आगीची भीती. १८४४ साली हा बाजार कुलाब्याला गेला. तिथे मोकळी जागा होती, शेजारी समुद्र होता, गलबतं होती. पुढची ऐंशी वर्षं कुलाबा म्हणजे कापूस असं समीकरण होतं. आज त्या रस्त्यावर गॉगल आणि चपला विकत घेणाऱ्यांना हे सांगितलं तर पटणार नाही.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे बीबीसीआय, ही कंपनी १८५५ साली निघाली. तिनं मुंबईपासून सुरुवात केली नाही, गुजरातेपासून केली. पहिला तुकडा १८६० साली सुरतेजवळ उत्राण ते अंकलेश्वर असा धावू लागला. मग तापी, वसईची खाडी अशी पाण्यांवर पाणी ओलांडत रूळ दक्षिणेला सरकले आणि १८६४ च्या अखेरीस ग्रँट रोडला पोचले. नजर होती भडोच आणि सुरतेकडच्या कापसावर. पण कापसाचा बाजार कुलाब्यात आणि गाडी थांबते ग्रँट रोडला! मधलं सगळं शहर बैलगाडीनं ओलांडायचं म्हणजे रेल्वेचा फायदा निम्मा झाला. तेव्हा रूळ पुढे न्यायचे हे उघड होतं. पण न्यायचे कुठून? गिरगावात दाट वस्ती, पलीकडे कोटाची मैदानं, आणि ती लष्कर सोडायला तयार नाही. उरला फक्त समुद्राचा काठ, बॅकबेचा.

नेमक्या याच वेळी मुंबईला वेड लागलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या तोंडाकडे पाहू लागल्या आणि शहरात पैशाचा पूर आला. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांच्या नावावर कंपन्या निघत होत्या, बुडत होत्या, पुन्हा निघत होत्या. सगळ्यांत चढलेला कागद बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा. पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांच्या घरात भाव आला. समुद्र बुजवायचा, जमीन काढायची, ती विकायची, असा बेत. समुद्र अजून जागेवरच होता, त्याची किंमत तेवढी आधी वसूल झाली. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं आणि १ जुलै १८६५ ला हिशेबाचा दिवस उजाडला तेव्हा शहरातली मोठमोठी घराणी रस्त्यावर आली. कंपनी बुडाली. मागे उरला किनाऱ्याला लागून घातलेला चिंचोळा भराव. त्या भरावावरून रूळ गेले. मुंबईची पश्चिमेकडची लोकल एका फसलेल्या सट्ट्याच्या गाळावर उभी आहे. शहराचा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी निघाली. सकाळी एक येणार, संध्याकाळी एक जाणार, एवढाच संसार. गोरेगावला तेव्हा पहाडी म्हणत. चर्चगेट १८७० साली उघडलं. तेव्हाच ते नाव उसनं झालेलं होतं. कोटाच्या भिंती पाडल्या जाऊन काही वर्षं झाली होती, त्यामुळे चर्चकडे जाणारा दरवाजा नव्हता. तो होता तेव्हाही आजच्या स्टेशनापासून बराच पूर्वेला, फ्लोरा फाउंटनपाशी होता. असो. १८७३ साली रूळ कुलाब्याला पोचले. मालधक्का झाला, कापूस थेट बाजाराच्या दारात उतरू लागला. पुढच्याच वर्षी, ९ मे १८७४ ला, घोड्यांची ट्रामही कुलाब्याहूनच सुटली, पायधुणीला जाणारी. म्हणजे गाडीतून उतरा आणि ट्राममध्ये बसा. शहराची दोन नवी वाहनं एकमेकांना इथे भेटत होती.

माल वाढला, माणसं वाढली. ७ एप्रिल १८९६ रोजी कुलाब्याचं नवं टर्मिनस सुरू झालं. आता हे नुसतं मालाचं ठाणं राहिलं नव्हतं. बडोदा, अहमदाबाद, पुढे दिल्लीकडच्या गाड्या इथूनच सुटायच्या, आणि त्याच रुळांवरून वांद्र्याचे, अंधेरीचे कारकून यायचे. १९०० च्या सुमारास दोन्ही दिशांना पंचेचाळीस-पंचेचाळीस उपनगरी गाड्या धावत होत्या. याच काळात चर्चगेटसमोर कंपनीनं आपलं मुख्यालय बांधलं, १८९९ साली ते पुरं झालं. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, म्हणजे व्हीटी बांधणारा तोच. व्हीटीच्या मालक कंपनीनं, जीआयपीनं, आपलं वैभव स्टेशनात ओतलं, बीबीसीआयनं ऑफिसात. कुलाब्याला व्हीटीची ऐट कधीच आली नाही आणि मला वाटतं त्याचं विस्मरण इतक्या लवकर झालं त्याचं हेही एक कारण असावं. ज्या स्टेशनाला घुमट नसतो, ते पाडताना कोणी हळहळत नाही.

त्या वेळची ती वाट डोळ्यांपुढे आणायची तर आजचं सगळं पुसावं लागतं. ओव्हलच्या पूर्वेला एका ओळीत जुनं सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. या सगळ्या इमारतींची तोंडं पश्चिमेला आहेत. आज त्या समोरच्या फ्लॅटांकडे पाहतात, तेव्हा समुद्राकडे पाहत होत्या. ओव्हल, मग क्वीन्स रोड, मग रूळ, आणि रुळांपलीकडे थेट बॅकबेचं पाणी. भरतीला लाटांचा आवाज आणि गाडीचा आवाज एकमेकांत मिसळत असणार. सचिवालयातल्या साहेबाला वारा यायचा तो इंजिनाचा धूर घेऊन. शहराला समुद्रावर फिरायला जायचं तर मध्ये फाटक. रेल्वे म्हणजे शहराच्या लुगड्याचा काठ होता म्हणा ना. काठ आहे तोवर शोभतो. पण त्याच्या पुढे आणखी कापड जोडायचं ठरलं, की तोच काठ मधोमध येतो आणि डोळ्यांत खुपतो.

हे कापड जोडायचं दुसऱ्यांदा ठरलं ते पहिल्या महायुद्धानंतर. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी बॅकबेचा जुना बेत पुन्हा हाती घेतला. आठ तुकड्यांत मिळून ११४५ एकर जमीन समुद्रातून काढायची होती. बंदरातला गाळ उपसायचा, नळांतून बॅकबेत सोडायचा, भिंतीच्या आत तो बसला की जमीन तयार. उपसा करणाऱ्या जहाजाचं नावही 'सर जॉर्ज लॉइड'च होतं. पण गाळ बसेना. भिंतीच्या फटींतून तो पुन्हा समुद्रात जाई, आणि पैसा त्याच्या मागून जाई. खुर्शेद नरिमन या वकिलानं कौन्सिलात आणि वर्तमानपत्रांत हा घोटाळा चव्हाट्यावर आणला. हार्वी नावाच्या इंजिनिअरानं त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यात नरिमन निर्दोष सुटले. लोक या सगळ्या प्रकाराला लॉइडचा मूर्खपणा म्हणू लागले. शेवटी आठांपैकी चारच तुकडे पुरे झाले, सुमारे ४४० एकर. आज चर्चगेट स्टेशनाच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याला वीर नरिमन रोड म्हणतात, आणि पुढे नरिमन पॉइंट आहेच. ज्या भरावावर या माणसानं टीका केली, त्याच भरावाच्या पुढच्या टोकाला त्याचं नाव मिळालं.

निम्मा का होईना, भराव झाला. नवी जमीन आता रुळांच्या पश्चिमेला आली, आणि शहर रुळांच्या पूर्वेला. तिथे जायचं तर फाटकं ओलांडायची, गाड्या जायची वाट पाहायची. अशा जमिनीला भाव कोण देणार? चर्चगेट ते कुलाबा हा तुकडा उखडल्याशिवाय बॅकबेची जमीन शहराला नीट जोडली जाणार नव्हती. रेल्वेचीही एक अडचण होती. लांबच्या मेल आणि जवळच्या लोकल एकाच अरुंद पट्ट्यातून आणायच्या, शंटिंग करायचं, डबे उभे करायचे, आणि एका बाजूला समुद्र तर दुसऱ्या बाजूला क्वीन्स रोड. पसरायला जागाच नाही. त्यात कापसानंही पाठ फिरवली. विसाच्या दशकात बाजार शिवडीकडच्या नव्या भरावावर गेला आणि नाव सोबत घेऊन गेला. हार्बर लाइनवर आज कॉटन ग्रीन म्हणतात ते हेच. तिथल्या प्रवाशाला हे नाव कुलाब्याहून आलेलं आहे याचा पत्ता नसतो. ज्या कापसासाठी रूळ समुद्राकाठानं आणले, तोच गेला. मग उरलं काय?

उरली माणसं, आणि त्यांच्यासाठी रेल्वेनं अखेरीस दोन भारी गोष्टी केल्या. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. धूर गेला, वेग आला. सचिवालयाला हवं होतं ते मिळालं, पण फार उशिरा. त्याच वर्षी १ सप्टेंबरला कुलाब्याहून फ्रंटियर मेल सुटली, ती थेट पेशावरला. पंजाब मेलशी स्पर्धा करणारी, आणि वेळेच्या बाबतीत नाव कमावणारी. विलायतेहून बोट आली की हंगामात तिचे डबे बॅलार्ड पियरवरून निघत, एरवी कुलाब्यावरून. खैबरखिंडीजवळ संपणाऱ्या प्रवासाची सुरुवात कुलाब्याच्या कापसाच्या जुन्या गोदामांशेजारी होत होती. अडीच वर्षांच्या आत बंद होणाऱ्या स्टेशनाला असा मुजरा क्वचितच मिळाला असेल.

बेलासिस रोडपाशी नवं टर्मिनस बांधायला घेतलं. वास्तुकार क्लॉड बॅटली. एकवीस महिन्यांत बॉम्बे सेंट्रल उभं राहिलं, हा तेव्हाचा विक्रमच. खर्च सुमारे दीड कोटी रुपये. १८ डिसेंबर १९३० ला गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्या डिसेंबरात मुंबईचं लक्ष मात्र स्टेशनाकडे नव्हतं. मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष होतं, विलायती कपड्यांवर बहिष्कार जोरात होता, आणि सहाच दिवस आधी, १२ डिसेंबरला, काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा पडलेला बाबू गेनू चिरडला गेला होता. महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार. ज्या कापसानं कुलाब्याला रूळ आले, त्या कापसाच्याच व्यवहाराचं दुसरं टोक ते. कच्चा कापूस बाहेर जात होता आणि विलायतेतलं विणलेलं कापड परत येत होतं. शहर शोकात आणि संतापात असताना नव्या स्टेशनाची फीत कापली गेली.

३१ डिसेंबर १९३० च्या मध्यरात्री कुलाबा स्टेशन बंद झालं. नव्या वर्षापासून गाड्यांचा शेवट चर्चगेटला होऊ लागला. हळूहळू रूळ उखडले गेले. त्या पट्ट्यावर आणि त्यापलीकडच्या भरावावर तीसच्या दशकात नव्या धाटणीच्या इमारती उठल्या. गोलसर बाल्कन्या, सरळ रेषा, रंगीत पट्टे. ओव्हलच्या पश्चिमेची जी ओळ पाहायला लोक आज मुद्दाम येतात, ती साधारण या जुन्या रुळांच्या वाटेवरच उभी आहे. १९३७ साली जवळच्याच भरावावर ब्रेबॉर्न स्टेडियम झालं. २०१८ मध्ये युनेस्कोनं ओव्हलच्या दोन्ही बाजूंना, पूर्वेच्या गॉथिकला आणि पश्चिमेच्या आर्ट डेकोला, एकत्रच जागतिक वारसा ठरवलं. दोन ओळींच्या मधलं मैदान सगळ्यांना दिसतं. एका ओळीच्या पोटातली रेल्वे कोणाला दिसत नाही.

या बंद होण्याचा एक परिणाम आजही रोज जाणवतो, फक्त कारण कोणी विचारत नाही. सीएसएमटीला, म्हणजे जुन्या व्हीटीला, लोकल आणि कोकण, पुणे, नागपूरच्या गाड्या एकाच छपराखाली असतात. चर्चगेटला फक्त लोकल. या मार्गानं अहमदाबादला किंवा दिल्लीला जायचं तर मुंबई सेंट्रल नाहीतर वांद्रे टर्मिनस गाठायचं. ही वाटणी १९३०-३१ च्या त्या डिसेंबर-जानेवारीत झाली. कुलाबा स्टेशन दोन्ही होतं. त्याच्या जागी दोन स्टेशनं आली, एकानं लांबची माणसं घेतली, एकानं जवळची.

बंद स्टेशनं देशात कमी नाहीत, पण काहींचं बंद होणं तात्पुरतं असतं. लखनौच्या उत्तरेला बख्शी का तालाब म्हणून ठिकाण आहे. सीतापूरकडे जाणाऱ्या, १८८० च्या दशकात घातलेल्या मीटरगेजवरचं. २०१६ साली रूळ रुंद करण्यासाठी तिथल्या छोट्या गाड्या थांबल्या, आणि दोन-अडीच वर्षांनी त्याच वाटेनं ब्रॉडगेज आली. रूळ बदलले, स्टेशन जागेवर राहिलं. कुलाब्याला ते भाग्य नव्हतं, कारण तिथे रुळांखालची जमीनच महाग झाली होती.

स्टेशनाच्या आवाराचं पुढे काय झालं? रेल्वेनं जागा पूर्ण सोडली नाही. तिथे अधिकाऱ्यांची वसाहत झाली, बधवार पार्क. रेल्वे बोर्डाचे पहिले भारतीय अध्यक्ष फतेहचंद बधवार यांचं नाव तिला दिलं आहे. समोर मच्छीमार नगर, कोळ्यांच्या होड्या, वाळत घातलेली जाळी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी रबरी होडीतून याच किनाऱ्यावर उतरले आणि बधवार पार्क हे नाव देशभर गेलं. एवढी प्रसिद्धी स्टेशनानं कधी मिळवली नव्हती. एरवी बेस्टच्या बसमधून जाताना झाडांमागे ती रेल्वेची घरं दिसतात आणि रेल्वेची वसाहत रेल्वेपासून इतकी लांब कशी, असा प्रश्न पडतो. मालधक्क्याचं, टर्मिनसचं, कापसाचं उत्तर तिथे कोणी लिहून ठेवलेलं मला दिसलं नाही.

आता भुयारी मेट्रो आली आहे. तिसऱ्या मार्गाचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि चर्चगेटच्या दक्षिणेला जवळजवळ पंच्याण्णव वर्षांनी पुन्हा गाडी धावू लागली. चर्चगेटच्या पुढे आता विधान भवन आणि मग कफ परेड. या मार्गाचं कागदोपत्री नाव कुलाबा–वांद्रे–सीप्झ. सत्तावीस स्टेशनांच्या पाट्या वाचत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. वांद्रे आहे, सीप्झ आहे.